महालक्ष्म्यांची आरास, पाचशेच्या नोटेत

हातातलं काम चालू असू द्या, भाजी निवडत निवडत ऐकलं तरी चालेल. आजचा विषय महालक्ष्म्यांच्या सजावटीचा आहे, पण सुरुवात मी पैशापासून करणार आहे. कारण हा सण नेमका अशा वेळी येतो की आपल्या जिल्ह्यात, घाटावर काय अन् घाटाखाली काय, कुणाच्याच हातात पैसा नसतो. भादव्यात सोयाबीन शेंगेत असतं, कपाशी फुला-पात्यावर असते, तूर तर अजून पोरवयात असते. घरात आलाच तर थोडा मूग-उडीद आलेला असतो, अन् तोही पावसानं भिजवला नाही तर. पोळ्याचा खर्च नुकताच झालेला. अशात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांचं माहेरपण, पण घराची तयारी महिनाभर आधीपासून.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईनं पाच हजारांचं कर्ज मागितलं. वहीत कारण लिहायचं असतं. ती म्हणाली, "लिहा घरगुती." अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा हळूच बोलली, "महालक्ष्म्यांच्या डेकोरेशनसाठी." सुनेचं पहिलं वर्ष, सुनेच्या माहेरची माणसं जेवायला येणार, आणि शेजारच्या घरी मागच्या साली पूर्ण राजवाडा उभा केला होता. बैठकीत कुणी हसलं नाही. कारण तिथं बसलेल्या निम्म्या बायांनी हे कधी ना कधी केलेलं होतं. मी पण.

जरा हिशेब करून बघू. पाच हजार रुपये, शेकडा दोन रुपये महिना व्याज, दहा हप्त्यांत फेड. दर महिन्याला मुद्दल पाचशे. व्याज पहिल्या महिन्यात शंभर, मग नव्वद, मग ऐंशी, असं उतरत शेवटी दहा. सगळं मिळून पाचशे पन्नास रुपये व्याज होतं. म्हणजे तीन दिवसांच्या आराशीचा हप्ता पुढच्या ज्येष्ठ-आषाढापर्यंत चालतो, आणि तो फिटतो न फिटतो तोच पुढच्या महालक्ष्म्या दारात. मधे लेकराची फी आली, कुणी आजारी पडलं, तर गटाकडे दुसरं कर्ज मागायला तोंड राहत नाही.

माझी गोष्ट सांगते. सासूबाईंनी आरास माझ्या हाती सोपवली ते पहिलं वर्ष. मी दुकानातून तीन कमानींचं थर्माकोलचं मखर, प्लास्टिकच्या फुलांचे तोरण-गजरे आणि रंगीत दिव्यांच्या माळा आणल्या. अडतीसशे रुपये, उधारीवर. मूग विकून देऊ म्हटलं. मूग शेतातच भिजला, काळा पडला आणि मातीमोल गेला. उधारी दिवाळीनंतर फिटली. मखर पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवलं होतं. ते उंदरांनी कुरतडलं, त्याचा पांढरा चुरा गोठ्यापर्यंत उडाला, आणि सासरे तीन दिवस गव्हाणीतून तो वेचत होते, गाईच्या पोटात जाऊ नये म्हणून. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता तर तो रस्ताही बंद आहे. आपल्या राज्य सरकारनं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं सजावटीसाठी प्लास्टिक-थर्माकोल वापरायला बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या वस्तू बंद झाल्या त्यांतही सजावटीचं थर्माकोल आहे. तरी कुठे कुठे विकायला दिसतं. घेऊ नका.

मग करायचं काय? आधी एक काम करा. कागद-पेन घेऊन घरभर फिरा. माळा, गोठा, परसदार, पेटी, धान्याच्या कोठ्या, सगळं बघा. दुकानाची यादी त्यानंतर करायची. महालक्ष्म्यांच्या आराशीत बघणाऱ्याची नजर तीनच जागी जाते: मूर्तींच्या मागे, डोक्यावर आणि पुढ्यात. या तीन जागा घरच्याच वस्तूंनी कशा भरायच्या ते सांगते.

मागची बाजू सगळ्यात सोपी. तुरीच्या वाळलेल्या तुराट्या आपल्या प्रत्येकीच्या घरी सरपणात असतात. सरळ बघून पन्नास-साठ निवडा, साल खरवडून काढा, सुतळीनं ओळीनं बांधून पुरुषभर उंचीची ताटी करा. आपल्या आज्या अशाच ताट्यांना शेणमाती लावून भिंती करायच्या. तुमच्या ताटीला हवं तर चुना आणि गेरूचा हात द्या. तीवर काठापदराची साडी मधोमध चुण्या घालून सोडा. पैठणीच पाहिजे असं नाही, विरलेली इरकलही उठून दिसते, कारण लांबून दिसतात ते काठ. साडीला खिळे मारू नका, कपडे वाळवायचे चिमटे लावा म्हणजे साडी जशीच्या तशी परत पेटीत जाते. दोन बाजूंना केळीचे खुंट. ते बादलीत ओल्या मातीत रोवले तर तिन्ही दिवस ताजे राहतात. हे सगळं मिळून खर्च म्हणाल तर सुतळी, गेरू आणि चुना.

आता डोक्यावरची जागा, म्हणजे फुलोरा. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते महालक्ष्म्यांची खरी सजावट हीच आहे आणि हल्ली तीच आपण उरकून टाकतो. पाच करंज्या, पाच पुऱ्या दोऱ्यात ओवून लटकवल्या की झालं. पूर्वी फुलोऱ्यात वेणी, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, चंद्रकोर, चांदणी असा माहेरवाशिणीचा सगळा साज कणकेचा करून टांगायचे. बघायला साज, आणि तिसऱ्या दिवशी घरोघर वाटून खायचा. अशी आरास कोणत्या दुकानात मिळते सांगा.

करायची रीत अशी. अर्धा किलो कणीक, पाव किलो बारीक रवा, चवीपुरतं मीठ आणि चार मोठे चमचे तेलाचं कडकडीत मोहन. पीठ पुरीपेक्षा घट्ट भिजवायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. गूळ-साखरेचं पाणी टांगायच्या वस्तूंत घालू नका. भादव्याच्या दमट हवेत त्या नरम पडतात आणि दुसऱ्या दिवशी एकेक करून खाली येतात. आमच्याकडे एकदा आरसा थेट सासऱ्यांच्या डोक्यावर आला होता. गोड पाहिजे तर सुक्या खोबऱ्याच्या करंज्या वेगळ्या करून पुढ्यात ठेवा.

वेणीसाठी पिठाच्या तीन लांब दोऱ्या वळून आपण केस घालतो तशी वेणी घालायची. फणीला चौकोनी तुकडा घेऊन एका बाजूला सुरीनं दाते पाडायचे. आरशाला गोल पुरी लाटून तिच्या कडेला मुरड. जे सपाट आहे त्याला काट्यानं टोचे मारा, नाही तर तळताना पुरीसारखं फुगतं. आणि टांगायचं भोक तळण्याच्या आधी पाडायचं, काडेपेटीच्या काडीपेक्षा जाड, कारण तळताना ते आवळतं. नंतर भोक पाडायला गेलात तर चांदणीचे दोन तुकडे हातात येतात. मंद आचेवर बदामी होईपर्यंत तळा. आच मोठी झाली तर वरून लाल आणि आतून कच्चं राहतं. पूर्ण गार झाल्यावर डब्यात. एक अडचण आहे, नैवेद्य होईपर्यंत चाखता येत नाही. म्हणून मिठाचं माप पीठ भिजवतानाच नीट धरा.

बांधायला बांबूच्या कामट्यांची चौकट किंवा पिठाच्या जुन्या चाळणीचं कडं घ्या. सुती दोरा, एकाखाली एक, लांब-आखूड. वजन दोन किलोच्या आसपास जातं, म्हणून पाळण्याच्या कडीला किंवा आढ्यालाच बांधा, पडद्याच्या दांडीला नको. दोन वस्तूंच्या मधे आंब्याचं एक पान आणि झेंडूचं एक फूल ओवलं की खालून बघताना नजर हटत नाही.

हे सगळं मला माझ्या मावशीनं शिकवलं. तिच्या हाताच्या फणीचे दाते मोजले तर सारखे भरायचे. काका गेले त्या वर्षी ती नेहमीसारखी आली, मागच्या खोलीत बसून सगळा फुलोरा लाटला, तळला, आणि बांधायची वेळ आली तेव्हा पदर सावरून उठून परसात गेली. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं. थांब असंही कुणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षी माझ्या आईनं दोऱ्याचं रीळ तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझ्याशिवाय सारखा बांधला जात नाही गं, मागच्या साली किती वाकडा दिसला." तेव्हापासून तीच बांधते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा त्याची बातमी सगळीकडे झाली. आमच्या घरात ठराव वगैरे झाला नाही, नुसतं रीळ दिलं. तुमच्याकडेही अशी एखादी मावशी, काकू मागच्या खोलीत बसलेली असेल तर यंदा बघा.

आता पुढ्यातली जागा. महालक्ष्म्यांसमोर धान्याच्या राशी घालायची रीत आहेच. त्या राशी ढीग घालून सोडण्यापेक्षा मांडा. आपल्या जिल्ह्याला धान्याची मांडणी काही नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, अठरा प्रकारचं धान्य गोलाकार ठेवतात आणि मधे घागरीवर पुरी, पापड, करंजी. त्याच्या भाकितावर विश्वास ठेवा की नका ठेवू, पण नुसत्या धान्यानं जागा कशी भरते ते तिथं दिसतं. घरी तांदूळ पांढरा, हरभऱ्याची डाळ पिवळी, मूग हिरवा, मसूर केशरी, उडीद काळा, जवस तपकिरी. इतके रंग रांगोळीच्या दुकानातही नसतात. प्रत्येकी पाव किलो पुरतं. खाली धुतलेलं पांढरं कापड अंथरा, त्यावर वाटीच्या कडेनं गोल आखून बोटांनी धान्य पसरा. डिंक लावू नका, रंगवू तर मुळीच नका. हळद-कुंकवाचं पाणी आणि दिव्याचं तेल त्यावर पडणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा, कारण ओलं झालेलं धान्य दोन दिवसांत वास मारतं. विसर्जनानंतर कडेचं थोडं धान्य एकमेकांत मिसळतंच. ते दळून त्याची धिरडी करा. बाकीचं ज्याच्या त्याच्या डब्यात. म्हणजे या आराशीचा खर्च शून्य, उलट एक वेळचा नाश्ता निघतो.

फुलांचं थोडक्यात सांगते. सणाच्या दोन दिवस आधी झेंडूचा भाव विचारायची सोय नसते. मागच्या दसऱ्याच्या हारातली दोन-चार फुलं वाळवून ठेवली असतील तर त्याच बिया जूनमध्ये टाका. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल येतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या जास्त फुटतात आणि फुलंही. यंदा उशीर झाला असेल तर कण्हेर, जास्वंद, तगर, कर्दळ बांधा-परसात आहेच. गुलबाक्षी संध्याकाळी उमलते, म्हणून आरतीच्या वेळी तोडा. फुलं पहाटे तोडून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की घाम येऊन काळी पडतात. विकत एकच गोष्ट घ्या, केवड्याचं एक कणीस. एका कणसानं सगळं घर भरतं.

आणि आता पंगत, जी आपण सजावटीत धरतच नाही. पाहुणा मखर पाच मिनिटं बघतो आणि पानावर पाऊण तास बसतो. पाऊण तास त्याच्या डोळ्यांसमोर जे असतं ते नीट असलं पाहिजे की नाही? घाटाखाली सातपुड्याच्या कडेला पळस भरपूर. घाटावरही बांधावर सापडतोच. ज्ञानगंगेच्या अभयारण्यात मात्र पानांसाठी शिरायचं नाही. पळसाची पानं चार दिवस आधी आणून दडपून ठेवा, बारीक काडीनं टाचून पत्रावळी आणि द्रोण लावा. दुपारी चार जणी बसलात की पन्नास पत्रावळी होतात. केळीचं पान असेल तर मागून गरम पाण्याचा हात फिरवा, मऊ पडतं, वाढताना फाटत नाही. पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येऊ द्या.

पानाभोवती रांगोळीची महिरप काढा, पण पानापासून वीतभर अंतर ठेवून, आणि बाजारातले भडक रंग तिथं नकोत, वाऱ्यानं अन्नात जातात. महिरपीला तांदळाची पिठी वापरा. निम्म्या पिठीत हळद मिसळली की पिवळा रंग झाला. त्याच हळदीच्या पिठीत खायच्या चुन्याचं थोडं पाणी शिंपडून चोळलं की तुमच्या डोळ्यांदेखत लाल होते. कुंकू याच रीतीनं होतं. वाळवून चाळून घ्या. मुंग्या येतात हे खरं आहे, म्हणून महिरप पानं मांडायच्या अर्धा तास आधीच काढा, सकाळी नको.

वाढताना वरती मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, उजवीकडे भाज्या, मधे वरण-भात, पुरणपोळी, आणि द्रोणात ज्वारीची आंबील नि कढी. पिवळं पुरण, हिरवी चटणी, पांढरा भात, सोळा भाज्यांचे रंग. हे सगळं ज्याच्या त्याच्या जागी पडलं की त्या पानाला आणखी कशाची गरज नाही. घाईत वाढणाऱ्या पोरांना हे एकदा रिकाम्या पानावर दाखवून ठेवा.

आता पुष्कळ घरी गुडघ्यामुळे आजी-आजोबांना खाली बसता येत नाही, म्हणून त्यांना टेबलावर वाढतात आणि ते टेबल कोपऱ्यात उघडंबोडकं असतं. त्यांनी वर्षानुवर्षं पंगती उठवल्या, त्यांना एकटं पाडू नका. टेबल पंगतीच्या रांगेतच लावा. जुन्या साडीचे काठ उसवून साध्या पांढऱ्या चादरीला शिवा आणि काठ समोरून दिसेल अशी ती टेबलावर घाला. मधे पितळी तांब्यात कर्दळीची दोन पानं आणि चार फुलं. तांब्या बसक्या घेराचा घ्या, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. महिरप टेबलावर काढता येत नाही, तिथं पानाभोवती झेंडूच्या पाकळ्या पसरा.

दिव्यांचं एकच सांगायचंय. साडीच्या पडद्यापासून समई दीड हात लांब ठेवा, आणि वाढणाऱ्या बायांच्या वाटेत तर बिलकुल नको. नायलॉनचा पदर क्षणात पेट घेतो. विजेच्या माळेची वायर पुसलेल्या ओल्या फरशीवरून नेऊ नका. तसंही ऐन आरतीला लाइट जाते हे आपल्याला नवीन नाही. कणकेचे सोळा दिवे वाफवून तयार ठेवले की काळजी नाही.

माझा मागच्या वर्षीचा हिशेब वहीत लिहिलेला आहे. सुतळी आणि दोरा साठ, गेरू-चुना पन्नास, केवडा पन्नास, दारापुढची रांगोळी चाळीस, फुलोऱ्याची कणीक, रवा, तेल धरून अडीचशे. एकूण साडेचारशे रुपये. पुरणावरणाचा खर्च यात नाही, तो तर होतोच आणि व्हावा. पन्नास रुपये उरले ते फुलोरा बांधायला आलेल्या पोरींना दिले.

त्या बैठकीतल्या ताईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गटानं कर्ज नाही म्हटलं नाही. मागेल तेवढं देऊ, पण पंधरा दिवस थांबून माग, एवढंच अध्यक्षबाई म्हणाल्या. परवा ती माझ्याकडे आली होती, सुनेला घेऊन. तुराट्या आहेत का विचारत होती. सूनबाईच्या माहेरी फुलोऱ्यात कणकेचा पाळणा करतात म्हणे, तो मला काही येत नाही. रविवारी दुपारी ती आम्हा सगळ्यांना शिकवणार आहे.